इलिचची सायकल आणि मुळशीची जमीन

इव्हान इलिचचें ‘एनर्जी अँड इक्विटी’ हें पुस्तक एका बैठकींत वाचून संपावें एवढें लहान आहे. त्याचा गाभा प्रथम १९७३ सालीं ‘ल मोंद’ या फ्रेंच दैनिकांत प्रसिद्ध झाला आणि पुढील वर्षीं तें इंग्रजींत पुस्तकरूपानें आलें. आपल्याकडे इलिचची ओळख शाळा नाकारणारा विचारवंत म्हणूनच काय ती आहे. रहदारीवरील त्याच्या या पुस्तकाचें नांव क्वचितच कोणी काढतो. परंतु हिंजवडीच्या किंवा पिरंगुटच्या रस्त्यावर, म्हणजे मुळशी तालुक्यांत, ज्यांचे रोजचे तासदोन तास मोटारींच्या रांगेंत जातात त्यांनीं तरी तें उघडावें, आणि उघडल्यावर त्याच्याशीं भांडावें, असें आम्हांस वाटतें.

इलिच १९२६ सालीं व्हिएन्ना येथें जन्मला, धर्मोपदेशक झाला, आणि पुढें मेक्सिकोंतील क्वेर्नावाका येथें राहून त्यानें शाळा, इस्पितळें व मोटारी या आधुनिक जगाच्या तिन्ही दैवतांची परखड झडती घेतली. १९७८ सालीं तो सेवाग्रामासहि येऊन गेला व गांधीजींच्या कुटीविषयीं तेथें बोलला. प्रस्तुत पुस्तकांत त्याचें म्हणणें असें कीं, माणशीं ऊर्जेचा वापर एका मर्यादेपलीकडे गेला म्हणजे समाजांत समता टिकत नाहीं. आणि रहदारीच्या बाबतींत ही मर्यादा वेगानें मोजतां येते. ताशीं सुमारें पंचवीस किलोमीटरांहून अधिक वेगानें कांहीं माणसें जाऊं लागलीं कीं उरलेल्या सर्वांस वेळाची टंचाई भासूं लागते. बाजार, कचेरी, शाळा हीं मोटारीच्या अंतरावर जाऊन बसतात, आणि ज्याचे पाय धड आहेत तोहि पायीं कोठें पोंचूं शकत नाहीं. सायकल तेवढी या आरोपांतून सुटते. पायीं चालणाराच्या तिप्पट-चौपट वेगानें ती जाते, आणि शक्ति मात्र त्याच्या एकपंचमांशच खर्च करते.

पुस्तकांतील सर्वांत गाजलेला उतारा एका हिशेबाचा आहे. मोटार हांकण्यांत जाणारा वेळ, ती उभी करण्यांत जाणारा वेळ आणि तिचे हप्ते, इंधन, विमा, कर यांसाठीं जे तास राबावें लागतें ते तास, असे सगळे मिळवून इलिच सांगतो कीं अमेरिकन माणूस वर्षाकांठीं सोळाशें तास मोटारीस देतो व त्या बदल्यांत साडेसात हजार मैल जातो. म्हणजे ताशीं पांच मैलांहूनहि कमी. आपल्या मापानें साडेसात किलोमीटर. वाचकास गुदगुल्या करणारा हा हिशेब आहे. परंतु तो अपुरा आहे, आणि अपुरा कोठें आहे हें अमेरिकेपेक्षां हिंजवडींत लवकर कळतें.

हिंजवडी व माण हीं मुळशीचीं गांवें आहेत, हें तेथील उंच कांचेच्या इमारतींत काम करणारांपैकीं पुष्कळांच्या ध्यानींहि नसतें. समजा, पंधरा किलोमीटरांवरून दोघे तेथें कामास येतात. एक संगणक-अभियंता, दुसरा दाराशीं उभा राहणारा पहारेकरी. अभियंत्याचे मोटारींत जातांयेतां दोन तास जातात आणि मोटारीवर त्याच्या पगाराचा दहावा हिस्सा खर्च होतो, म्हणजे नऊ तासांच्या कामांतील जवळजवळ एक तास. तीन तासांत तीस किलोमीटर; ताशीं दहा. पहारेकऱ्याची मोटारसायकल रांगांतून वाट काढीत दीड तासांतच जाऊन येते. परंतु तिचे हप्ते व पेट्रोल यांत त्याच्या बारा तासांच्या पाळीचा पांचवा हिस्सा, म्हणजे जवळजवळ अडीच तास, निघून जातो. चार तासांत तीस किलोमीटर. ताशीं साडेसात, अगदीं इलिचच्या अमेरिकनाएवढे. हे आंकडे आम्हीं उदाहरणादाखल घेतलेले आहेत, परंतु त्यांतून निघणारी गोष्ट खरी आहे. रस्त्यावर जो पुढें गेलेला दिसतो तोच हिशेबांत मागें राहतो, कारण गरिबाचा तास स्वस्त असतो. इलिच सगळ्या अमेरिकेची एकच सरासरी काढतो आणि त्या सरासरीखालीं, ज्या समतेसाठीं पुस्तक लिहिलें, तीच झांकून टाकतो.

हा दोष दुरुस्त करतां येतो. दुसरा अधिक खोल आहे. इलिचला वाटतें कीं वेग आवरला म्हणजे समता येईल. हिंजवडीच्या रस्त्यावर सकाळीं नऊ वाजतां वेग आपोआप आवरलेला असतो. पंचवीस किलोमीटरांची त्याची मर्यादा तेथें कोणी ओलांडूं शकत नाहीं. मग समता कां आली नाहीं? ज्यानें दहा फूट लांब व पांच फूट रुंद जागा एकट्यासाठीं व्यापली आहे तो आणि ज्याला सायकलीचें हँडल वळविण्याएवढीहि जागा नाहीं तो, हे दोघेहि एकाच संथ गतीनें सरकत आहेत. फरक वेगाचा नाहीं, जमिनीचा आहे. बस बिचारी चाळीस-पन्नास माणसें पोटांत घेऊन त्याच रांगेंत उभी असते, आणि तिच्यापुढें दोन-तीन मोटारींत मिळून चार माणसें असतात.

आश्चर्याची गोष्ट अशी कीं ही किल्ली इलिचच्या हातांतच होती. एका पानावर तो सांगतो कीं पुलावरून एका तासांत चाळीस हजार माणसें न्यावयाचीं तर मोटारींस बारा पट्टे लागतात, बसला चार, आगगाडीला तीन आणि सायकलींस अवघे दोन. एका मोटारीच्या जागेंत अठरा सायकली उभ्या राहतात. सबंध पुस्तकांत यापेक्षां मोलाचें वाक्य नाहीं, आणि इलिच तें जातांजातां सांगून पुन्हां वेगाकडे वळतो. त्याची वृत्ति प्रवचनकाराची आहे. सूत्र सांपडलें कीं तो त्याला सोडीत नाहीं.

मुळशीच्या माणसाला ही चूक सहज दिसावी, कारण मुळशीनें ऊर्जेची किंमत इलिच जन्मण्यापूर्वींच मोजली आहे. नीला व मुळा यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीनें धरण घातलें, पाणी सह्याद्रीखालीं भिऱ्यास उतरविलें आणि तेथें निघालेली वीज मुंबईकडे नेली. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापट त्याचे नेते झाले. राजेंद्र व्होरा यांनीं २००९ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत त्याला जगांतील पहिलें धरणविरोधी आंदोलन म्हटलें आहे. धरण झालेंच, गांवें व भाताचीं खाचरें पाण्याखालीं गेलीं. मावळ्याची तक्रार विजेच्या वेगाविषयीं नव्हती; ती त्याच्या पायांखालच्या जमिनीविषयीं होती. आज रस्तारुंदीसाठीं त्याच तालुक्यांत पुन्हां जमीन मागितली जाते. ती द्यावी कीं न द्यावी याहून अगोदरचा प्रश्न, त्या रुंदीवर कोण चालणार, हा आहे. चांदणी चौकांतील जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरांत पाडला व १२ ऑगस्ट २०२३ रोजीं तेथें नवे उड्डाणपूल खुले झाले. पायीं रस्ता ओलांडणारांनीं जावें कोठून, याची चर्चा त्यानंतर जोरांत सुरू झाली.

इलिचच्या पुस्तकांत माणसें नाहींत, सरासऱ्या आहेत. एच. जी. वेल्सच्या ‘द व्हील्स ऑफ चान्स’ या १८९६ च्या कादंबरींत एक माणूस आहे: कापडाच्या दुकानांतील गुमास्ता हूपड्रायव्हर. सुटींत सायकलीवरून तो इंग्लंडच्या दक्षिणेस भटकावयास निघतो आणि वाटेंत त्याला स्वतःस सद्गृहस्थ म्हणून खपवितां येतें, कारण सायकलीवर गुमास्ता व धनी एकाच उंचीवर बसतात. समता म्हणजे काय हें त्या विनोदी कथेंत जितकें उमगतें तितकें इलिचच्या कोष्टकांत उमगत नाहीं. आणि सार्वजनिक वाहनाची गोष्ट हवी असेल तर ती आपल्या घरचीच आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘म्हैस’मध्यें एस.टी. अडते, आणि नाना थरांचीं माणसें एकमेकांच्या गळ्यांत पडतात, भांडतात, सल्ले देतात. थोडक्यांत, समाज तयार होतो. हिंजवडीची रांगहि अडलेलीच असते, परंतु तींत कोणी कोणाशीं बोलत नाहीं. जो तो कांच वर करून बसलेला.

बसवर इलिच खरोखर अन्याय करतो. ताशीं पंचवीसाच्या पुढें गेलेली बस आणि मोटार हीं त्याच्या लेखीं एकाच पापाचीं भागीदार आहेत. तमाम मेक्सिको डोळ्यांपुढें असतांना त्यानें असें लिहावें याचें नवल वाटतें. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धांवली तेव्हांपासून खेड्यांतील मुलाला कॉलेज, रोग्याला दवाखाना व लेकीला माहेर ज्या वाहनानें जवळ आणलें तें हेंच. मार्च २०२३ पासून त्यांत स्त्रियांना अर्धें भाडें लागूं झालें. ज्या बाईला घरची फटफटी चालवावयास मिळत नाहीं तिला वेगाच्या सिद्धांतापेक्षां या अर्ध्या तिकिटाचें महत्त्व अधिक आहे. सायकलीची गोष्टहि तीच. बिहारांत २००६ पासून नववींतील मुलींना सायकलीसाठीं सरकारी पैसा मिळूं लागला, आणि मुरलीधरन व प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दिसून आलें कीं माध्यमिक शाळेंत नांव घालणाऱ्या मुलींचें प्रमाण त्यामुळें ३२ टक्क्यांनीं वाढलें.

प्रस्तुत लेखकाच्या विद्यार्थिदशेंत पुणें अजून सायकलींचें होतें. मुळशीच्या बाजूनें दुधाचे कॅन लावलेल्या सायकली पहाटे शहरांत येत. तें पुणें चांगलें होतें असें म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे. त्या सायकली समतेसाठीं नव्हत्या, दुसरें परवडत नव्हतें म्हणून होत्या, आणि ऐपत येतांच लोकांनीं त्या माळ्यावर टाकल्या. २०१७ सालीं महापालिकेनें सायकल-आराखडा मंजूर केला. भाड्याच्या रंगीत सायकलीहि त्या सुमारास आल्या आणि थोड्याच वर्षांत दिसेनाशा झाल्या. सायकल आली होती. रस्त्यावर तिची जागा आली नव्हती. ताम्हिणीकडला पाऊस व घाटाची चढण पाहिली तर मुळशीच्या सगळ्याच गांवांना ती पुरी पडेल असेंहि नाहीं. पौडच्या माणसाला पुण्यास जावयाचें तर बसच हवी, आणि ती बस मोटारींच्या मागें उभी राहूं नये एवढी तिला स्वतःची वाट हवी.

माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या तेवीस किलोमीटरांच्या मेट्रोची कोनशिला डिसेंबर २०१८ मध्यें बसविली गेली. स्थानकापर्यंत पायीं वा सायकलीनें जातां येईल काय, हा प्रश्न इलिचनें विचारला असता, आणि तो त्यानें योग्यच विचारला असता. त्याच्या पुस्तकाची आमची प्रत जुनी आहे. पुलाचा तो हिशेब ज्या पानावर आहे त्या पानाच्या समासांत आम्हीं पेन्सिलीनें ‘चांदणी चौक’ असें लिहून ठेवलें आहे.