आठ मिनिटं कुठे गेली?

अमेरिकेची डीव्हीडी रीजन 1, जपान आणि पश्चिम युरोपची 2, आपली 5. विकत घेतलेली परदेशी डिस्क घरच्या प्लेअरवर चालावी म्हणून कुणी हे कुलूप काढून कॉपी केली, तर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती कन्व्हर्जनबद्दल.

सिनेमा सेकंदाला 24 फ्रेम्सचा. आपल्याकडच्या पॅल पद्धतीत तो सहसा 25 ने पळतो. कुरोसावाचा 207 मिनिटांचा 'सेव्हन समुराई' असा आठ मिनिटं आधीच संपेल. अमेरिका-जपानच्या एनटीएससीवरून घाईत पॅल केलं, तर शेजारच्या फ्रेम्स एकमेकींत मिसळतात. पावसातल्या लढाईत एका तलवारीच्या दोन दिसतात.

कुलूप काढा, फ्रेम्सना हात लावू नका. कुणी सिनेमाला संथ किंवा वेगवान म्हटलं, की मी आधी विचारतो: कॉपी कुठली पाहिलीत?