पाटावरचे राज्य

गेल्या दिवाळीच्या सुटीत पुण्याचा पुतण्या हिंगोलीस आला तो पिशवीत फटाक्यांऐवजी संगणक घेऊन. भाऊबिजेची ओवाळणी आटोपली, चकल्यांचा डबा मध्ये ठेवला गेला, आणि चिरंजीव म्हणाले, "काका, बसा. आज तुम्हांला देश चालवायला देतो." मी पडलो शाळामास्तर, चाळीस पोरांचा वर्ग चालवताना माझ्या नाकी नऊ येतात. पण फुकट मिळालेले राज्य कोण सोडतो? रात्री अकरापर्यंत मी दोनदा निवडणूक हरलो. तेव्हापासून, कादंबरीकडे पाहावे त्या नजरेने मी या खेळांकडे पाहू लागलो आहे. दोघांतही माणसाला पेचात टाकावयाचे असते.

खेळाचे नाव 'डेमॉक्रसी'. क्लिफ हॅरिस नावाच्या इंग्रज गृहस्थाने तो प्रथम २००५ साली काढला. पुढे सुधारून वाढवून त्याचे आणखी भाग आले. यात सोंगट्या नाहीत, फासे नाहीत. कर वाढवा, शाळांचा खर्च कमी करा, पेट्रोल महाग करा. जे कराल त्याने कोणी खूष होतो, कोणी रुसतो. यातली एक गोष्ट मला फार आवडली. येथला मतदार एकाच गटाचा नसतो. जो मोटारवाला, तोच कोणाचा बाप, तोच देवभक्त. त्याच्या एका खिशात घातले, की दुसऱ्यातून निघते. आपल्याकडच्या कितीतरी राजकीय कादंबऱ्यांत शेतकरी म्हणजे नुसता शेतकरी आणि सावकार म्हणजे नुसता सावकार असतो (माझ्या पहिल्या कादंबरीतही होता, हे कबूल केलेले बरे). ही समज त्या यंत्रात पाहून मी थोडा शरमलोच.

पण दोष आहे, आणि मोठा आहे. कोणत्याही धोरणावर बोट ठेवा. तेथून हिरव्या-तांबड्या रेघा निघतात आणि कोणाचे भले, कोणाचे वाईट ते आधीच दाखवतात. मग निवड उरते कोठे? उरतो तो हिशेब. खरा राज्यकर्ता अंधारात पाऊल टाकतो, आणि कोठे खड्डा होता हे पुष्कळदा त्याच्या मागून येणाऱ्यांना कळते.

हे मला पुस्तकातून नव्हे, आईकडून कळले. १९७२ च्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती. आमच्या मराठवाड्यात त्या साली विहिरी कोरड्या पडल्या, कणगीत दाणा राहिला नाही. सरकारने दुष्काळी कामे काढली. आईने आजीबरोबर खडी फोडली, मग पाझर तलावाच्या भरावावर टोपल्याने माती वाहिली. मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन ते वर्ष काढले. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्याच काळात राज्यभर गेली. १९७७ साली तिचा कायदा झाला, १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून तो अमलात आला. पुढे २००५ साली केंद्रानेही त्याच कल्पनेवर देशासाठी कायदा केला. पैसा उभा करण्यासाठी १९७५ साली राज्यात व्यवसाय कर बसला होता. तो माझ्या पगारातून आजही दरमहा दोनशे रुपये कापला जातो, फेब्रुवारीत तीनशे. आणि मीही महिन्याला एकदा कुरकुरतो.

आता तो पाझर तलाव पाहा. पाणी मुरले, खालच्या अंगाच्या विहिरी भरल्या. त्या ज्यांची जमीन होती त्यांच्या. माती वाहणाऱ्यांना मजुरी मिळाली आणि काम संपले. आईला मी विचारले, तुला याचा राग येत नाही? ती म्हणाली, "ते काम नसतं तर आम्ही जगलोच नसतो. पर पाणी त्यायलाच झालं." दोन्ही वाक्ये एका श्वासात. त्यांतले एक खोडून दुसरे ठेवता येत नाही, आणि दोहोंची वजाबाकी करून बाकीही काढता येत नाही. खेळ रचणाऱ्याने पेच घालावा तो असा. पुष्कळ खेळांत पेच म्हणजे दोन सारख्याच कडू गोळ्या. कोणतीही घ्या, दहा गुण वजा. त्यातून खेळणारा एवढेच शिकतो की सगळेच सारखे, आणि उठून जातो.

पुतण्याने दुसरा खेळही दाखवला: २०२० साली बर्लिनच्या मंडळींनी काढलेला 'सुझरेन'. यात सॉर्डलँड या काल्पनिक देशाचा नवा राष्ट्राध्यक्ष व्हावयाचे. सगळा खेळ संवादांचा. आज दिलेला होकार चार प्रकरणांनंतर एखाद्या सहकाऱ्याच्या तोंडून परत येतो. ही कला मला वरचढ वाटली. फक्त खेळणारा राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीतून कधी खाली उतरत नाही. टोपले कोणाच्या डोक्यावर आहे ते खुर्चीतूनच पाहावे लागते.

जूनमध्ये मी नववीच्या वर्गासाठी पुठ्ठ्याचा खेळ केला. दुष्काळी गाव, तीन महिन्यांपुरता पैसा: सडक करावी, तलाव बांधावा, की धान्य वाटावे? पाच मिनिटांत साऱ्या वर्गाने एकमुखाने "तलाव" म्हटले, जसे गाइडातले उत्तर. खेळ फसला होता, आणि दोष माझा होता. तलावाची किंमत मी कोणाच्याच पदरात टाकली नव्हती. पुन्हा चिठ्ठ्या केल्या. एकाला तलावाखालची जमीन, एकीला भूमिहीन घर, एकाला शहरातली नोकरी आणि कर, एकीला चालवत नसलेली सासू. आता तासभर भांडण झाले. शेवटी भूमिहीनाची चिठ्ठी आलेली मुलगी उठली. "सर, तलावच बांधा. नाही म्हटलं तर तीन महिने खायचं काय?" खाली बसता बसता ती थांबली. "पण त्यातल्या माशांचा ठेका कोणाला?"

माझ्या गठ्ठ्यात त्याची चिठ्ठीच नव्हती. ती त्या रात्री लिहावयास बसलो, आणि शेजारी आईला बसवून घेतले.