हिरव्या साल्साचा वाफा

मेक्सिकोच्या मध्य पठारावर घरोघरी होणाऱ्या साल्सांमध्ये मला सर्वांत मोह पडतो तो कच्च्या हिरव्या साल्साचा. तोमातियो, सेरानो मिरची, पांढरा कांदा, लसणाची एखादी पाकळी, कोथिंबीर आणि मीठ. ना आच, ना फोडणी. त्यामुळे जिन्नसांतलं काहीच झाकलं जात नाही. परसातल्या वाफ्यात जे काही केलं, ते जसंच्या तसं जिभेवर येतं. म्हणून या साल्साची चव समजून घ्यायला सुरुवातही वाफ्यापासूनच करावी.

पहिला मान तोमातियोचा. दिसायला तो हिरव्या टोमॅटोसारखा, पण कुळानं आपल्या बांधावरच्या चिरबोटीचा आणि रसभरीचा भाऊबंद. तसंच कागदी आवरण त्यालाही असतं. फळधारणा झाली की आधी हे आवरण फुगतं, पोकळच लोंबत राहतं आणि फळ आत मागाहून भरत जातं. जाणता माळी म्हणून आवरण चाचपतो. ते गच्च भरून तडकू लागलं की तोडणी. आणखी थांबलं तर फळ पिवळसर, गोडसर होऊन धार हरवतं. झाड एकटं लावलं तर फुलांनी लहडतं, पण फळ जवळपास धरत नाही, कारण त्याला स्वतःचे पराग चालत नाहीत. दोन तरी झाडं शेजारी हवीत आणि मधमाश्यांची ये-जा मोकळी हवी. साल्सात लिंबाची उणीव भासू न देणारी ती स्वच्छ आंबट चव म्हणजे या शेजाराची किमया!

सेरानो बारीक, सरळ आणि पातळ सालीची. पिकू दिली तर ती लाल होते, पण या साल्सासाठी हिरवीच खुडतात; तिचा ताजा, गवताळ वास पिकताना ओसरतो. तिखटपणा बियांत असतो असं आपण समजतो, पण तो तयार होतो बिया ज्या पांढऱ्या शिरेला लगडलेल्या असतात, त्या शिरेत. फळं धरल्यावर पाण्याचा किंचित ताण दिला की तिखटाला धार येते. ताण जास्त झाला की फुलं गळतात. या दोहोंमधली जागा नेमकी साधली की मिरची आधी सुगंध देते आणि मग तिखट लागते. तो क्रम मोठा लोभस आहे.

कांद्याचं गणित उजेडाचं. मेक्सिको सिटी आणि मुंबई यांच्या अक्षांशांत अर्ध्या अंशाचाही फरक नाही. तिथला सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आत संपतो. लांब दिवसाचे वाण इथे नुसती पात वाढवतात, गड्डा धरत नाहीत. म्हणून लहान दिवसाचा पांढरा कांदा निवडायचा. अलिबागचा पांढरा कांदा ज्यांनी कच्चा खाल्ला आहे, त्यांना करकरीतपणा आणि सौम्यपणा एकाच घासात कसे नांदतात हे सांगायला नको. मेक्सिकोत मिरची-टोमॅटोचे साल्से बाजारात विकणाऱ्यांचं वर्णन सोळाव्या शतकात स्पॅनिश धर्मोपदेशक बेर्नार्दिनो दे साआगून यांनी लिहून ठेवलं आहे. कांदा, लसूण आणि कोथिंबीर मात्र तिथे आले ते स्पॅनिश लोकांबरोबर. तरी आज वाटीत कोण यजमान आणि कोण पाहुणा, हे चवीवरून ओळखता येत नाही, इतकं हे मीलन मुरलेलं आहे.

सर्वांत नाजूक हात लागतो कोथिंबिरीला. धणा हलके रगडून त्याच्या दोन डाळी वेगळ्या करायच्या आणि थेट वाफ्यातच पेरायच्या. तिचं सोटमूळ जागा बदललेली सहन करत नाही. माती तापली की ती फुलोऱ्यावर येते, पानं झिरझिरीत होतात आणि वासाचा नूर बदलतो. मेक्सिको सिटीची उंची सुमारे २,२४० मीटर, त्यामुळे रात्री गार. ऊन आवडणाऱ्या तोमातियोशेजारी ती तिथे सुखानं वाढते. आपल्याकडे अशी संगत थंडीतच जमते. खरी कारागिरी पेरणीच्या उलट्या हिशेबात आहे. कांद्याला चार-पाच महिने लागतात, रोप लावल्यापासून मिरची आणि तोमातियोला दोन-अडीच महिने, कोथिंबिरीला जेमतेम दीड. चौघं एकाच आठवड्यात हाताशी यावीत म्हणून कांदा सर्वांआधी रुजतो आणि कोथिंबीर दर पंधरा-वीस दिवसांनी थोडी थोडी पेरली जाते. वेगवेगळ्या लयींतल्या गायकांनी समेवर एकत्र यावं, तसा हा मेळ आहे.

मग उरतो मोल्काखेते, तीन पायांचा बेसॉल्टचा खल. आधी लसूण, मीठ आणि मिरची, मग आवरणाखालचा चिकटा धुतलेला तोमातियो, शेवटी कोवळ्या देठांसह कोथिंबीर आणि बारीक चिरलेला कांदा. दगड जिन्नस चिरत नाही, चेचतो. म्हणून रस सुटतो, पण तुकडे दाताखाली येतात. पहिल्या घासाला आंबट, मग हिरवा गंध, मग चढत जाणारं तिखट आणि मध्येच कांद्याची करकर. हातानं वाटायला काही मिनिटं पुरतात, पण त्या मिनिटांना चव असते ती वाफ्यात वेळच्या वेळी घेतलेल्या निर्णयांची. ज्यानं कांदा पेरताना पाच महिन्यांनंतरची कोथिंबीर मनात धरली, या साल्साचा खरा बल्लवाचार्य तोच.