अर्पणपत्रिकेच्या पुढची पानं
डॉ. आंबेडकरांचा 'द इव्होल्यूशन ऑफ प्रोव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया' (१९२५) हा ग्रंथ सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला आहे, हे आपण बडोदेकर अभिमानाने सांगतो. पुढची पानं मात्र फारसं कुणी उलटत नाही, आणि खरा ऐवज तिथेच आहे.

प्रांतांना १८७१ पासून ठोक रक्कम मिळाली, १८७७ पासून काही महसुलाच्या बाबी आणि १८८२ पासून महसुलात वाटा. वरवर पाहता अधिकार वाढत गेले. आंबेडकर दाखवतात की कायद्याने सगळा पैसा हिंदुस्थान सरकारचाच राहिला. १९०४ पर्यंत साधारण दर पाच वर्षांनी वाटणी नव्याने व्हायची, तेव्हा प्रांताच्या वाढलेल्या उत्पन्नातला भाग वरचं सरकार काढून घ्यायचं. म्हणजे नळ प्रांताच्या दारात, व्हॉल्व्ह कलकत्त्यात! मग १९२१ ला उलटा प्रकार: केंद्राची तूट भरायला प्रांतांवर ९८३ लाखांची वर्गणी, मद्रासवर ३४८, मुंबईवर ५६.

तक्ते किचकट आहेत, पण ते गाळून वाचू नये. युक्तिवाद त्यांच्यावरच उभा आहे. उणीव एकच जाणवते. शीर्षकातच 'ब्रिटिश इंडिया' असल्याने तक्रार करता येत नाही, तरी स्वतःचा खजिना असलेल्या बडोद्यासारख्या संस्थानाशी तुलना आली असती तर प्रांतांचं परावलंबन आणखी ठळक दिसलं असतं.