धूर दिसला, पण सांगायचा कोणाला?

मागच्या व्याख्यानात आपण अनुमानाचा विचार केला. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तिथे अग्नी आहे असं आपण ठरवतो; नैयायिकांचं हे नेहमीचं उदाहरण. व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, की कंपन्यांमध्ये हल्ली संकटाची आगाऊ सूचना देणाऱ्या यंत्रणा असतात, ज्यांना ‘अर्ली वॉर्निंग सिस्टिम’ म्हणतात, त्याही धूर बघूनच चालतात ना? प्रश्न चांगला आहे. आज तोच घेऊ.

या यंत्रणांचा एक मूळ नमुना १९६८ सालचा. एडवर्ड ऑल्टमन या अमेरिकी अभ्यासकाने ६६ उत्पादक कंपन्यांचे ताळेबंद घेतले. निम्म्या बुडालेल्या, निम्म्या टिकलेल्या. खेळतं भांडवल, साठवलेला नफा, विक्री वगैरेंची पाच गुणोत्तरं, प्रत्येकाला ठरावीक वजन, आणि शेवटी एकच आकडा: झेड-स्कोअर. २.९९ च्या वर असाल तर निर्धास्त, १.८१ च्या खाली गेलात तर धोका. आपल्याकडे २०१५ च्या मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं, की ५० कोटी आणि त्यावरच्या कर्जखात्यांत फसवणुकीच्या पूर्वखुणा दिसल्या तर खात्याला लाल निशाण लावा.

आता यात आक्षेप घेण्यासारखं काय? धुरावरून अग्नी कळतो, कारण दोघांची व्याप्ती आहे, जिथे धूर तिथे अग्नी. शिवाय धूर आपण आपल्या डोळ्यांनी बघतो. कंपनीच्या बाबतीत मात्र डोंगराचा मालकच धूर मोजतो आणि तिमाही अहवालात कळवतो! मग यंत्र कितीही सूक्ष्म करा. त्याला मिळतं ते धुराचं वर्णन, धूर नव्हे.

आयएल अँड एफएसचं उदाहरण घेऊ. मुंबईची कंपनी, १९८७ ची. रस्ते, बोगदे, वीज यांत पैसा घालणारी, तीनशेहून अधिक उपकंपन्यांचा पसारा, सुमारे ९१ हजार कोटींचं कर्ज. २०१८ च्या ऑगस्टपर्यंत तिच्या रोख्यांना ‘ट्रिपल ए’ मानांकन होतं आणि सप्टेंबरमध्ये ते थेट ‘डी’वर, म्हणजे थकबाकीदाराच्या पायरीवर आलं. एवढी घसरण महिन्या-दोन महिन्यांत! भविष्य निर्वाह निधीच्या विश्वस्तांनी ज्यात पैसा ठेवला होता असे हे रोखे. तो पैसा आमच्यासारख्या पेन्शनीत निघालेल्या माणसांचा होता, हे विसरू नका.

बरं, आजार गुप्त होता का? रस्त्याचा पैसा टोलमधून वसूल व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात, आणि कर्ज घेतलेलं थोड्या मुदतीचं. वाणिज्य शाखेचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा हे सांगेल. पण कंपनीच्या जोखीम समितीची २०१५ ते २०१८ या काळात एकच बैठक झाली, असं पुढे बाहेर आलं. समिती होती बरं का! कागदावर यंत्रणा पूर्ण होती.

इथे नैयायिकांचा एक भेद आपल्याला उपयोगी पडतो. अनुमान दोन प्रकारचं. स्वार्थानुमान, म्हणजे मी माझ्यापुरतं जाणतो. परार्थानुमान, म्हणजे ते दुसऱ्याला पटवायचं असतं, आणि त्याला पाच अवयव लागतात, प्रतिज्ञेपासून निगमनापर्यंत. आमचं म्हणणं असं, की बुडणाऱ्या कंपनीत स्वार्थानुमान बहुधा कुणीतरी केलेलं असतं. हिशेबनीसाला, वसुलीवाल्याला, गोदाम बघणाऱ्याला कळलेलं असतं. अडतं ते परार्थानुमानात. संगणकाचा पडदा लाल होतो, म्हणजे हेतू मांडला जातो; पण ‘म्हणून हे कर्ज आता थांबवा’ हे निगमन उच्चारायचं कोणी? आणि वरचा साहेब म्हणणारच, अहो, धुकं असेल. कधी कधी ते धुकं असतंही! ही अडचण खरी आहे, ती आम्ही नाकारत नाही.

टोयोटाच्या कारखान्यात यावर काढलेला उपाय साधा आहे. जोडणीच्या रांगेवर दोरी असते. कामगाराला काही खटकलं की त्याने ती ओढायची. गटप्रमुख धावत येतो. गाडी पुढच्या खुणेपर्यंत पोचायच्या आत दोष मिटला नाही तर रांग थांबते. धुकं निघालं तर रांग पुढे चालू. तिथे पटवून देण्याचं ओझं कामगारावर नाही, आणि आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते हेच. झेड-स्कोअरमध्ये हे कुठे बसणार?

आणि हे आम्ही वरून सांगत नाही. नोकरीत असताना आम्ही एका पतसंस्थेच्या संचालक मंडळावर होतो. तिथला एक कारकून चहाच्या वेळी हळूच म्हणाला, “सर, त्याच सात-आठ खात्यांची कर्जं दरवर्षी नवी होतात. जुनं फिटतं ते नव्या कर्जातूनच.” आम्ही तर्कशास्त्र शिकवणारे! आम्ही म्हणालो, “असं करा, लेखी द्या.”

त्याने दिलं नाही. अर्ज ज्या सचिवांच्या टेबलावरून यायचा, त्यांच्याच मेहुण्याचं त्यातलं एक खातं होतं, हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं. तोवर ठेवीदारांची रांग लागली होती. त्या रांगेत आमच्याच विभागातले दोन शिपाई उभे होते.