नाव झाकून पाठवलेली कथा

“आम्हाला कोण ओळखतं? मासिकवाले आमची विज्ञानकथा घेतील कशाला?” लिहित्या मैत्रिणी विचारतात. जयंत नारळीकरांना १९७४ साली सगळे ओळखत होते. तरी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं पाठवली. अक्षर ओळखू येईल म्हणून ती मंगलाताईंनी लिहून काढली. पहिलं बक्षीस मिळालं ते कथेला, नावाला नव्हे.

बऱ्याच नव्या कथांत यंत्रमानव नुसता पाणी भरतो. त्याच्या जागी घरगडी ठेवला तरी काही बिघडत नाही. अशी कथा परत येणारच. विज्ञान काढताच कथा कोसळत असेल, तर बायांनो, बिनधास्त पाठवा. आणि मानधनही विचारा, त्यात लाज कसली!