व्यायामविषयक संशोधनातील तुलनेचा प्रश्न : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :
शारीरिक शिक्षण या विषयातील लघुप्रबंध व शोधनिबंध चाळले असता एक ठरावीक आराखडा वारंवार दिसून येतो. सहा, आठ किंवा बारा आठवड्यांचा प्रशिक्षण कार्यक्रम हा स्वाश्रयी चल; वेग, चपळता, लवचिकता, स्नायुबल किंवा दमदारपणा हे आश्रयी चल; तीस-चाळीस विद्यार्थ्यांचा नमुना; पूर्व चाचणी, उत्तर चाचणी आणि 'टी' मूल्य. शेवटी शून्य परिकल्पनेचा त्याग केला जातो व कार्यक्रम उपयुक्त असल्याचा निष्कर्ष नोंदविला जातो.

व्यायाम आरोग्याला हितकारक आहे, याविषयी दुमत नाही. प्रश्न संशोधनाचा आहे. 'फरक पडला' आणि 'या कार्यक्रमामुळे फरक पडला' ही दोन भिन्न विधाने आहेत. पहिल्यावरून दुसऱ्याकडे जाण्यासाठी तुलना निर्दोष असावी लागते. आपल्या बहुसंख्य अभ्यासांत नेमकी हीच बाजू दुबळी राहते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याची चिकित्सा येथे केली आहे.

लंडनमधील चालक आणि वाहक :
व्यायाम आणि हृदयविकार यांच्या संबंधावरील आधुनिक संशोधनाचा आरंभ सामान्यतः जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासापासून मानला जातो. लंडनच्या परिवहन सेवेतील ३५ ते ६४ वयोगटातील सुमारे ३१,००० पुरुष कर्मचाऱ्यांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. चालकाचा बहुतेक वेळ बसून जाई. दुमजली बसमधील वाहक मात्र दिवसभरात शेकडो पायऱ्या चढत असे. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी आढळले. टपालवाटप करणारे कर्मचारी व बैठे काम करणारे कर्मचारी यांच्या तुलनेतही हीच दिशा दिसली. निष्कर्ष आकर्षक होता आणि नमुना प्रचंड होता.

तरीही मॉरिस तेथे थांबले नाहीत. १९५६ साली त्यांनी कर्मचाऱ्यांच्या गणवेशाची मापे अभ्यासली. चालकांच्या विजारींचा कंबरघेर त्याच वयाच्या वाहकांच्या तुलनेत अधिक होता, आणि हा फरक तरुण कर्मचाऱ्यांतही दिसत होता. म्हणजे दोन्ही गट नोकरीत येतानाच काही अंशी वेगळे असण्याची शक्यता होती. जे फळ पायऱ्यांचे म्हणून पुढे आले, त्याचा काही वाटा मुळातील शरीरयष्टीचा असू शकतो, ही शंका त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केली.

पुढील अभ्यासासाठी त्यांनी बैठे काम करणारे ब्रिटिश शासकीय कर्मचारी निवडले. सर्वांचे काम सारखे असल्याने व्यवसायामुळे पडणारा भेद टळला आणि केवळ फावल्या वेळातील व्यायामाची नोंद घेता आली. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, जोमदार व्यायाम नोंदविणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे एक तृतीयांश आढळला. अर्थात जोमदार व्यायाम करण्याची निवड माणूस स्वतःच करतो. त्यामुळे मूळ शंका येथेही पूर्णतः मिटत नाही. परंतु प्रत्येक अभ्यास आधीच्या अभ्यासातील उणीव भरून काढण्यासाठी रचला गेला, हे महत्त्वाचे आहे.

एका लघुप्रबंधाची तपासणी :
इतरांच्या संशोधनावर बोट ठेवण्यापूर्वी प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या एम. फिल. लघुप्रबंधाकडे पुन्हा पाहिले. त्यात महाविद्यालयीन कबड्डीपटूंना आठ आठवडे उड्यांवर आधारित प्रशिक्षण दिले होते. संघात निवडले गेलेले खेळाडू प्रायोगिक गटात व उरलेले नियंत्रित गटात होते. उत्तर चाचणीतील फरक ०.०५ स्तरावर सार्थ ठरला आणि हा कार्यक्रम सर्व महाविद्यालयीन खेळाडूंना उपयुक्त असल्याची शिफारस करण्यात आली.

आज त्या लघुप्रबंधात तीन दोष स्पष्ट दिसतात. पहिला दोष गटरचनेचा. संघातील खेळाडूंना नियमित सराव, प्रशिक्षकांचे लक्ष आणि स्पर्धेची ओढ आधीपासूनच होती. लंडनच्या चालक-वाहकांप्रमाणे येथेही गट आरंभीच भिन्न होते. फरक इतकाच की, मॉरिस यांनी विजारी मोजल्या, आणि प्रस्तुत लेखकाने पूर्व चाचणीतील तफावतीवर एक वाक्यही लिहिले नाही.

दुसरा दोष चलांच्या संख्येचा. दहा आश्रयी चल घेऊन प्रत्येकाची ०.०५ स्तरावर स्वतंत्र चाचणी घेतली होती. असे दहा चल परस्परांपासून स्वतंत्र असतील व प्रशिक्षणाचा कोणताही परिणाम नसेल, तरीही किमान एक फरक निव्वळ योगायोगाने सार्थ ठरण्याची संभाव्यता सुमारे ४० टक्के असते. सार्थ ठरलेले चल निष्कर्षात ठळकपणे मांडले गेले. बाकीचे कोष्टकातच राहिले.

तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे. प्रायोगिक गटातील तीन खेळाडू मध्येच येईनासे झाले. उत्तर चाचणी नाही म्हणून त्यांची नावे यादीतून वगळली आणि 'पूर्ण माहिती उपलब्ध असलेले खेळाडू' एवढाच उल्लेख केला. त्यांपैकी एकाचा गुडघा उड्यांच्या सरावात दुखावला होता व तो त्या हंगामात पुन्हा मैदानात उतरला नाही. कार्यक्रमाचा जो परिणाम खेळाडूच्या दृष्टीने सर्वाधिक मोलाचा होता, त्याला कोष्टकात स्थानच मिळाले नाही. ज्यांना झेपले त्यांचेच मध्यमान काढले, तर कोणताही कार्यक्रम सुरक्षित व परिणामकारक दिसणारच.

मध्यमानाच्या आड :
मध्यमान व्यक्ती-व्यक्तींतील भेद झाकून टाकते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिका व कॅनडातील 'हेरिटेज' कुटुंब अभ्यास. क्लॉड बुशार व सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, २० आठवड्यांच्या समान प्रशिक्षणानंतर ४८१ बैठ्या जीवनशैलीच्या व्यक्तींची कमाल प्राणवायू ग्रहणक्षमता सरासरीने मिनिटाला सुमारे ४०० मिलिलिटरने वाढली. काहींमध्ये मात्र जवळजवळ वाढ झाली नाही, तर काहींमध्ये ती १,००० मिलिलिटरहून अधिक होती. या अभ्यासात प्रशिक्षण न घेणारा नियंत्रित गट नसल्याने, या तफावतीतील किती भाग मोजमापातील चढउतारांचा, हा प्रश्न उरतोच. म्हणजेच मोठ्या व नामांकित अभ्यासालाही तुलनेचा प्रश्न चुकलेला नाही.

आपल्या परंपरेतील एक दाखला :
ही चिकित्सक वृत्ती आपल्याला परकी नाही. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले व त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. योगक्रियांचा अभ्यास त्यांनी क्ष-किरण व दाबमापनाच्या साहाय्याने केला. प्राणायामात शरीर फार मोठ्या प्रमाणात प्राणवायू शोषून घेते, हा लोकसमज मोजमापांच्या आधारे त्यांनी मान्य केला नाही. योगावर निष्ठा असूनही त्यांनी प्राणायामाचे महत्त्व अन्यत्र शोधले. निष्ठा आणि मोजमाप यांत विरोध आला तेव्हा त्यांनी मोजमाप दडविले नाही.

समारोप :
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी एम. फिल. अभ्यासक्रम बंद केला. पण त्या अभ्यासक्रमात अनेकांच्या हाती आलेला ठरावीक आराखडा पीएच. डी. प्रबंधांत व शोधनिबंधांत अद्याप टिकून आहे. तो बदलण्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. गटविभागणी चिठ्ठ्या टाकून करता येते. नियंत्रित गटाला तोच कार्यक्रम नंतर देता येतो, म्हणजे कोणीही लाभापासून वंचित राहत नाही. मुख्य चल कोणता, हे आरंभीच लेखी ठरविता येते. प्रयोग सोडून गेलेल्यांची संख्या, कारणे व दुखापती यांचे स्वतंत्र कोष्टक देता येते. मार्गदर्शक व परीक्षक यांनीही 'सार्थ फरक आढळला नाही' हा निष्कर्ष अपयश न मानता स्वीकारावयास हवा.

आपल्या शिफारशी वाचून कोणी क्रीडाशिक्षक उद्या सकाळी मैदानावर मुलांना उड्या मारावयास लावणार असतो. म्हणून गैरहजर राहिलेल्या तिघांची चौकशी करणे हा संशोधनपद्धतीचा तसाच शिक्षकधर्माचाही भाग आहे.